साडेसहा डोक्यांची माणसं

तुमचं डोकं केवढं आहे, हे तुम्ही कधी मोजलं आहे का? अगदी पट्टी लावून, हनुवटीपासून टाळूपर्यंत? चपलेचं माप आपल्याला पाठ असतं, शर्टाच्या गळ्याचं असतं. पण ज्या मापानं आपलं उरलेलं सगळं शरीर मोजता येतं, ते आपण कधी घेतलेलं नसतं. मीही सतरा वर्षांची होईपर्यंत घेतलं नव्हतं. आणि तोवर मी शेकडो माणसं काढून मोकळी झाले होते.

दरवर्षी सोयाबीन निघायला लागलं की मला हे आठवतं. देवासहून भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्याला या दिवसांत एक पिवळट धूळ असते. थ्रेशर शेताच्या कडेला उभे असतात, त्यांचा भुसा वाऱ्यानं रस्त्यावर येतो आणि मोटरसायकलवाले तोंडाला रुमाल बांधून जातात. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते, ऊन स्वच्छ असतं. सावल्यांना धार असते. चित्र काढणाऱ्याला असा उजेड वर्षातून महिनाभरच मिळतो. याच दिवसांत गल्लीतल्या मुली भिंतीवर शेणाची संजादेवी काढतात, तिला गुलबाक्षीच्या आणि तेरड्याच्या पाकळ्या चिकटवतात. संजाचे हात काड्यांसारखे असतात आणि पाय तर कधी कधी नसतातच. कुणी तिला नावं ठेवत नाही. मीही ठेवत नाही. पण माझ्या चित्रांतली खोड वेगळी होती, आणि ती घरातूनच आली होती.

आमचं घर देवासच्या कारखान्यांमागच्या वस्तीत. बाबा जळगावकडून नोकरीसाठी आले आणि एका कारखान्याच्या रंगखात्यात लागले. तिथे डोक्यावरून एक साखळी सरकत असते. तिला लोखंडी आकडे असतात. खालच्या माणसानं एकेक तुकडा उचलायचा आणि सरकत्या आकड्याला टांगायचा. पुढे कुठेतरी तो रंगात न्हाऊन निघतो. आठ तास हात वर, हात खाली. बाबा युनियनचं काम करत, म्हणून युनियनचं सायक्लोस्टाइलचं यंत्र आमच्या मागच्या खोलीत असे. माझी शाळा हिंदी. मराठी वाचायला मी शिकले ती महाराष्ट्रातून टपालानं येणाऱ्या पत्रकांवरून. 'बंधूंनो' आणि 'भगिनींनो' हे मी 'कमळ'च्या आधी वाचलं असेल. पत्रक म्हणजे खरं बोलण्याची जागा, अशी माझी लहानपणापासूनची समजूत.

बाबा हिंदीत मजकूर लिहीत, आणि कोपऱ्यातलं चित्र माझ्याकडे असे. मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं कोरायचं. त्यात एक अडचण असते. रेघ फिरवून पूर्ण बंद केली की मधला कागद गळून पडतो आणि छपाईत तिथे काळा डाग येतो. म्हणून गोल कधी पूर्ण करायचा नाही, थोडी फट ठेवायची. हे मी नवव्या-दहाव्या वर्षी शिकले आणि कुणी न सांगता पाळत राहिले.

बारावीनंतर इंदूरला चित्रकलेच्या प्रवेशपरीक्षेला बसले आणि पडले. परीक्षकांनी कागद हातात घेऊन एवढंच म्हटलं, "बेटा, इसमें नेता बहुत हैं, आदमी एक भी नहीं." मी आठवडाभर वही उघडली नाही.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी कारखान्याच्या फाटकावर एक सूचना लागली. दिवाळीआधी रंगखात्यातल्या सगळ्यांची डॉक्टरी तपासणी होणार, आणि जे कामाला अपात्र ठरतील त्यांना कमी केलं जाणार. बाबांनी ठरवलं, दसऱ्यानंतर गेटवर सभा घ्यायची आणि तिच्यासाठी मोठं पत्रक काढायचं.

"या वेळी अर्धं पान तुझं," ते मला म्हणाले. "असा कामगार काढ की बघणाऱ्याची मान वर झाली पाहिजे."

मला तो काढता येणार नाही, हे मला इंदूरला कळून चुकलं होतं. म्हणून धारच्या आत्यानं "पोरीला माझ्याकडे पाठव, शेजारी नाना आहेत" असं कळवलं, तेव्हा मी लगेच बस पकडली.

नानांचे पूर्वज मराठा दरबाराबरोबर धारला आलेले मूर्तिकार. नाना स्वतः गणपतीचे साचे करत, चौकाचौकांतले सिमेंटचे पुतळे करत. गणपती विसर्जन होऊन गेले की पितृपक्षात त्यांच्याकडे कुणी काम घेऊन येत नसे. अंगणात रिकामे साचे उलटे वाळत पडलेले, आणि नाना एका खुर्चीत. त्यांनी माझी वही घेतली. बराच वेळ पानं उलटली.

"मुली, एक विचारू? ह्या सर्वांची डोकी मागून उघडी का?"

मी पाहिलं. खरंच होती. माझ्या वहीतल्या प्रत्येक माणसाच्या कवटीला मागच्या बाजूला बोटभर फट होती. पेन्सिलीनं कागदावर काढलेल्या माणसांनाही, जिथे काहीच गळून पडणार नव्हतं. मी त्यांना स्टेन्सिलचं सांगितलं. नाना खोकला येईपर्यंत हसले.

"म्हणजे छपाईच्या सोयीसाठी तुम्ही आख्ख्या कामगारवर्गाची टाळू उघडी ठेवलीत!"

मला राग आला. पण वही त्यांच्याच हातात होती.

मग त्यांनी माझा मूठ उगारलेला कामगार एका काडीनं मोजला. तो नऊ डोक्यांएवढा उंच होता, आणि त्याची मूठ त्याच्या डोक्याहून मोठी.

"हा उठून उभा राहिला तर छप्पर फुटेल."

"तेच तर हवंय," मी म्हटलं.

"बरें. आणि मग संध्याकाळी घरी जाऊन झोपेल कुठे?"

आत्या कुंपणापलीकडून ऐकत होती. "नाना, पितृपक्षात कुणी नवी विद्या घेतं होय? घटस्थापनेपर्यंत थांबा की."

"वहिनी, नवी कुठे देतो आहे? जुनी उतरवतो आहे. उतरवायला हाच पंधरवडा चांगला. नवी देऊ घट बसले की."

आत्याला ते पटलं. आणि मला पंधरा दिवस एकही चित्र काढायचं नाही, असा हुकूम झाला. फक्त मोजायचं. बांबूची एक कामटी घ्यायची, समोरच्या माणसाच्या हनुवटीपासून टाळूपर्यंत धरून तेवढी तोडायची आणि मग त्याच कामटीनं तो माणूस वरपासून खालपर्यंत मोजायचा. रोज पाच माणसं.

"आणि आधी विचारायचं," नाना म्हणाले. "न विचारता माणसाचं माप घेतात ते एकदाच, तिरडी बांधताना. तेव्हा तो नाही म्हणू शकत नाही."

धारच्या गल्ल्यांतून मी कामट्यांची जुडी घेऊन हिंडले. सतरा वर्षांची मुलगी अनोळखी माणसाला "तुमचं डोकं मोजू का" विचारते, हे गावाला दोन दिवस विचित्र वाटलं, तिसऱ्या दिवसापासून करमणुकीचं झालं. तलावाकडे भाजी विकणारी बाई म्हणाली, "म्हारा माथा में कंई नी है बेन, खाली मटको है. माप ले." न्हावी नाराज झाला. "हमसे पूछ लेतीं बेन, पूरे धार के सिर हमारे हाथ से निकले हैं." आत्या मात्र आकडा ऐकून रुसली.

"साडेसहा म्हणजे मी बुटकी?"

"आत्या, सगळेच साडेसहा आहेत. कुणी पावणेसात."

ते खरं होतं. माझ्याकडच्या चित्रकलेच्या पुस्तकात सामान्य माणूस साडेसात डोक्यांचा आणि वीरपुरुष आठांचा छापला होता. धारच्या बाजारात मला साडेसात कुठेच सापडला नाही. सामान्य कोण, हे त्या पुस्तकात कुणी ठरवलं? ज्यांना लहानपणी पोटभर दूध मिळालं, त्यांची उंची सामान्य ठरली आणि उरलेले कमी पडले. मी हे तावातावानं नानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरोबर बोलतेस. पण तुझा कामगार नऊचा होता. पुस्तकवाल्यापेक्षा तूच जास्त लांब गेलीस."

आजही मी कुणावर रागावून लिहायला बसले की हे वाक्य मला थोडं सावध करतं.

त्या पंधरवड्यात मी आणखी काय काय शिकले. डोळे केसांखाली लगेच नसतात, डोक्याच्या बरोबर मध्ये असतात. मी आजवर सगळ्यांना अर्धा मेंदू कमी दिला होता. पसरलेला हात हनुवटीवर ठेवला की बोटं केसांपर्यंत जातात. उभ्या माणसाचा मध्य पोटावर नसतो, त्याच्या बराच खाली असतो. ही मापं एकदा कळली की रस्त्यावरून चालणं बदलतं. बसस्टँडवर उभी असलेली माणसं आपल्याला आपोआप मोजता येतात. आणि मोजता मोजता ती गर्दी राहत नाहीत.

घट बसले त्या दिवशी नानांनी मला आठवडी बाजारात नेलं. तिथे बाग नावाच्या गावाहून एक छपाईवाले छापील चादरी घेऊन येत. लाकडी ठसा कपड्यावर ठेवायचा आणि उजव्या मुठीनं त्यावर ठोका द्यायचा, असं त्यांचं काम. तीस वर्षं तेच. नानांनी त्यांना सदरा काढायला सांगितला.

"काय दंगल में उतारना है क्या?" ते हसले, पण बसले पाठ करून.

नानांनी खडूनं त्यांच्या उजव्या खांद्यामागचं ते रुंद हाड, म्हणजे फरा, कडेनं आखलं. त्यावरचं मांस पावाच्या लादीसारखं फुगलेलं होतं. डावीकडे तसं नव्हतं.

"आता हात वर करा."

हात वर गेला आणि खडूच्या रेघेखालून हाड सरकलं. रेघ जागेवर राहिली, हाड फिरून बाहेर आलं. मी तोंडाला हात लावला.

"पाहिलंस? हात खांद्याच्या वर न्यायचा तर हे फिरावंच लागतं. नाही फिरलं, तर हात जात नाही. माणूस समोरून काहीही सोंग आणेल. पाठीला सोंग येत नाही."

त्या नऊ दिवसांत मी फक्त पाठी काढल्या. दसऱ्याला देवासला आले तेव्हा माझ्या वहीत बेचाळीस पाठी होत्या, आणि कवट्या सगळ्या बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून मागच्या अंगणात स्टुलावर बसले होते. पाठीवर ऊन. मी कामटी आणली. साडेसहा. मग पेन्सिल घेतली आणि मागे बसले. पहिल्या दहा मिनिटांतच मला वाटलं, माझ्याकडून रेघ चुकते आहे. उजवा फरा डाव्यासारखा येईना. मी खोडलं, परत काढलं. मग उठून जवळ गेले. चूक रेघेची नव्हती. बाबांच्या उजव्या फऱ्यावर मांसच नव्हतं. तिथे खळगा होता, तळहाताएवढा, आणि हाडाची कड कातडीतून वर आली होती.

"बाबा, उजवा हात वर करा."

त्यांनी डावा केला.

"उजवा."

"तुला एक हात पाहिजे ना? हा घे. आमच्यात डाव्यालाच मान असतो."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "तिला काय फसवताय? सहा महिने झाले, शर्टाची उजवी बाही मी चढवून देते आहे."

मग बाबांनी उजवा हात उचलून दाखवला. तो खांद्याच्या पातळीपर्यंत आला आणि थांबला. मान कानाकडे ओढली गेली, ओठ आवळले गेले, पण हाड फिरलं नाही.

"मग टांगता कसं?"

"पायाखाली खोकं घेतो. आणि याला डाव्यानं कोपरातून ढकलतो." ते असं बोलले, जसा कुणी मोटार ढकलून सुरू करण्याबद्दल बोलतो. "कुणाच्या लक्षात येत नाही."

"तपासणीत येईल."

"डॉक्टर पहिलं काय सांगणार? हात वर करा. संपलं. मग मी घरी." त्यांनी टॉवेल खांद्यावर ओढून घेतला. "म्हणून तर ही तपासणी रोखायची आहे. तू तुझा कामगार काढ, मूठवाला. चांगला मोठा काढ."

मी म्हटलं, "मग हेच काढू ना. ही पाठ. हे कामानं झालं आहे, हेच छापू."

बाबा माझ्यावर क्वचित ओरडत. तेव्हा ओरडले. "छाप! खाली माझं नाव टाक, टोकन नंबर टाक! तपासणीची गरजच नाही मग, त्यांचं काम तूच करून देते आहेस!"

"पण आपणच दर पत्रकात लिहितो ना, जे आहे ते उघड सांगा म्हणून?"

"ते दुसऱ्यांसाठी लिहितो."

हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. आई हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. मी मूठवाला कामगार काढायला बसले आणि मला तो येईना. हात वर काढला की पाठीमागे काय काय फिरावं लागतं, ते आता मला माहीत होतं. त्याच्या पाठीत काय झालं असेल, हा प्रश्न सुटत नव्हता. तरीही मी मनाशी ठरवत आणलं होतं की बाबांची नोकरी माझ्या चित्रापेक्षा मोठी आहे. असं ठरवताना मला फार लाज वाटली. त्यांच्या हाताची नव्हे, माझ्या हट्टाची. तो खांदा त्यांचा होता. तो उघडा करायचा की नाही हे मी ठरवणारी कोण? नाना म्हणाले होते, आधी विचारायचं. मी विचारलं नव्हतं. मी मागणी केली होती.

तिसऱ्या दिवशी पहिली पाळी करून बाबा दुपारी घरी आले. चहासुद्धा न घेता त्यांनी शर्ट काढला. बाही त्यांनीच सोडवली, हळूहळू.

"स्टूल आण."

मी स्टूल आणून उन्हात ठेवलं.

"तोंड नको. नाव नको. पाठ काढ. आहे तशी."

का, असं मी विचारलं नाही. उजेड जाईपर्यंत काढलं. मग ते चित्र स्टेन्सिलवर उतरवलं. मेणावर खळगा दाखवायचा कसा? मी बारीक टिंबं टोचली, कडेला दाट, आत विरळ. मान अर्ध्यावर सोडली. वरचा मजकूर बाबांनी रात्रीच्या जेवणाआधी लिहून दिला होता. एकच ओळ: "यह किसकी पीठ है?"

सभेच्या दिवशी पाळी बदलण्याच्या वेळेला मी आणि आई फाटकापाशी पत्रकं वाटत होतो. माणसं एरवी पत्रक घेतात, घडी घालतात, खिशात टाकतात. त्या दिवशी ती थांबली. टोंकखुर्दहून रोज येणारे गोवर्धन भिया रंगखात्यात बाबांच्या शेजारी उभे राहत. ते कागद डोळ्यांजवळ नेऊन माझ्याकडे आले.

"बेन, थने म्हारी पीठ कदे देखी?"

"तुम्हारी कहाँ से, भिया? ये तो मेरी है," त्यांच्या मागचा म्हणाला. "ये हड्डी देख."

"अबे तेरी तो मोटी है, भैंस जैसी. ये गड्ढा देख."

हसत हसत भांडण लागलं. पैज लागावी तसा गोवर्धन भियांनी शर्ट काढला आणि पाठ केली. हसणं थांबलं. उजव्या फऱ्यावर तोच खळगा. मग दुसऱ्यानं काढला. मग तिसऱ्यानं. सगळ्यांना नव्हता, पण जे दहा-बारा वर्षं साखळीखाली उभे होते त्यांना होता. बाबा सगळ्यात शेवटी आले. त्यांची बाही आईनं सोडवली, फाटकासमोर, सगळ्यांच्या देखत.

सभेत घोषणा झाली तेव्हा रंगखात्यातल्या अकरा जणांनी डावा हात वर केला.

बाबांनी मला नंतर सांगितलं. आमचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते साखळीपासून चार पावलं मागे जाऊन उभे राहिले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जुन्या सगळ्यांच्या पायाखाली खोकी होती. "आम्ही सगळे एकमेकांपासून लपवत होतो," ते म्हणाले. "मी तर पुढारी. मी जास्त चांगलं लपवत होतो."

तपासणी झालीच. ती रोखता आली नाही. पण रंगखातं एकत्र गेलं, आणि डॉक्टरनं हात वर करायला सांगायच्या आधीच त्या अकराही जणांनी आपला हात वर जात नाही म्हणून सांगितलं. अर्ध्या खात्याला एकदम घरी पाठवणं कुणाला शक्य नव्हतं. त्या वर्षी कुणाला कमी केलं नाही. हात सतत खांद्यावर उचलला की तिथली नस दबून मांस झडतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि साखळी हातभर खाली आणली. हातभर! एवढंच करायचं होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून करता आलं असतं. या एका गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. बाबांना स्टोअरमध्ये बसवलं. त्यांना ते कधी आवडलं नाही. हातही परत वर गेला नाही.

मी पुढच्या वर्षी इंदूरला पास झाले. पण चित्रकलेतलं माझं खरं शिक्षण त्या महिन्यात उरकलं होतं. आता रविवारी वस्तीतल्या मुली माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना आठ डोक्यांचे हिरो काढायचे असतात. मी काढू देते.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. हे वाचून झाल्यावर, आज किंवा उद्या, जेव्हा चांगलं ऊन असेल तेव्हा, तुमच्या घरात राबणाऱ्या एका माणसाला विचारा, मी तुझी पाठ काढू का? होकार आला तरच. स्टूल द्या, मागे बसा, पेन्सिल घ्या. चित्र वाईट आलं तरी चालेल, ते कुणाला दाखवू नका. दोन्ही बाजू नीट पाहा, घाई करू नका. आणि जिथे एक बाजू दुसरीसारखी येत नाही तिथे खोडू नका. पेन्सिल खाली ठेवा, त्या जागेवर हात ठेवा आणि विचारा, इथे काय झालं? मग उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.